औषधी गांजा : मुभा कायद्यात, वेदना रुग्णाच्या घरात

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि मंदिर परिसरात वावरणाऱ्या माकडांमुळे मराठवाड्याबाहेरही परिचित आहे. वैद्यकीय संशोधकांना मात्र हा टापू वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्याबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत घेण्यात आले. ग्रामीण लोकसंख्येतील कर्करोगाची अशी नोंद ठेवणारा देशातील हा पहिलाच प्रकल्प होता. पुढे १९९९ मध्ये याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रचंड प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वयोगटातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरातील तपासणी कार्यक्रमांनी त्याची दखल घेतली.

रोग मोजण्याच्या आणि शोधण्याच्या कामात इतके योगदान देणाऱ्या या भागात, रोग हाताबाहेर गेल्यानंतरच्या वेदनेचे काय करायचे, हा प्रश्न मात्र आजही बहुतांशी कुटुंबाच्या गळ्यात आहे. सोनारीसारख्या गावातून रुग्णाला घेऊन निघालेले नातेवाईक बार्शी, सोलापूर, पुणे किंवा थेट मुंबईत परळपर्यंत जातात. 'आता घरी न्या' असे सांगितले गेले की परत येतात. मग कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर चित्रफीत येते. गांजाच्या तेलाने कर्करोग बरा झाला, असे तीत कोणी तरी छातीठोकपणे सांगत असते. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मुलगा वा पुतण्या संगणकावर शोधाशोध करतो, तेव्हा 'विजया'च्या नावाने विकले जाणारे अर्क त्याला दिसतात, पलीकडे कॅनडा आणि जर्मनीतील कायद्यांच्या बातम्या दिसतात. हे औषध आहे की अमली पदार्थ? घेतले तर गुन्हा होतो का? आणि मुळात त्याचा उपयोग होतो का? या तीन प्रश्नांची गल्लत झाल्याने रुग्णाचे पैसे जातात, उरलेला वेळही जातो.

प्रथम कायदा. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, १९८५ चा. या कायद्याने गांजावर सरसकट बंदी घातली, असा सार्वत्रिक समज आहे. कायद्याचे आठवे कलम वाचले तर तो पूर्ण खरा नाही, हे लक्षात येते. बंदी आहे, परंतु 'वैद्यकीय अथवा वैज्ञानिक प्रयोजन' वगळून. शिवाय दहाव्या कलमाने गांजाची लागवड, उत्पादन, बाळगणे आणि विक्री यांना परवानगी देण्याचा व त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे सोपवला आहे. चरस तेवढा त्यातून वगळला आहे. याचा सरळ अर्थ असा की, औषधासाठी गांजाचे दार केंद्राने बंद केलेले नाही. त्या दाराची किल्ली राज्याच्या खिशात आहे आणि ती चार दशके तेथेच पडून आहे.

कायद्याने या वनस्पतीचे जे भाग पाडले आहेत, ते समजून घेणे रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. झाडातून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, म्हणजे चरस. हशिशचे तेलही त्यातच येते. नुसती पाने आणि बिया, शेंड्यांशिवाय असतील तर, गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. पानांपासून होणारी भांग एनडीपीएसच्या कचाट्यातून सुटते ती यामुळे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पाने वगळली गेली होती आणि भारतातील धार्मिक-सामाजिक प्रथा पाहता ते सोयीचेही होते.

परंतु महाराष्ट्रातील वाचकाने येथे थबकायला हवे. उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत, म्हणून आपल्याकडेही भांग मोकळी आहे, असे नव्हे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, जो आज महाराष्ट्राचा कायदा म्हणून लागू आहे, परवान्याविना भांग बाळगणे वा सेवन करणे राज्यात निषिद्ध ठरवले आहे. गुजरातलाही तोच कायदा वारशाने मिळाला होता. त्या राज्याने २०१७ मध्ये भांग मादक द्रव्यांच्या व्याख्येतून काढून टाकली. महाराष्ट्राने तसे केलेले नाही. महाशिवरात्रीच्या थंडाईकडे आणि कुंभमेळ्यातील चिलमींकडे यंत्रणा काणाडोळा करते, ही गोष्ट निराळी. काणाडोळा हा काही रुग्णाला मिळालेला हक्क नव्हे.

मग 'विजया'चे अर्क उघडपणे विकले जातात ते कशाच्या आधारे? उत्तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आहे. आयुर्वेदिक औषधांतील विषारी द्रव्यांच्या त्याच्या अनुसूचीत अफू, बचनाग यांच्या पंक्तीला भांगही आहे. बिया त्यातून वगळल्या आहेत. अशी द्रव्ये असलेली औषधे परवानाधारक उत्पादकाला बनवता येतात. वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना त्यांच्या वेष्टनावर छापावी लागते. आयुर्वेदाला ही वनस्पती नवी नाही. शार्ङ्गधर संहितेने भांग आणि अफू यांना 'व्यवायी' द्रव्यांची, म्हणजे पचनापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे म्हणून दिले आहे. ग्रहणीच्या विकारात वापरले जाणारे जातीफलादी चूर्ण भांगेशिवाय पूर्ण होत नाही. तेव्हा नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी, परवानाधारक उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक असलेली बाटली, सोबत खरेदीची पावती, हा आजच्या घडीला रुग्णाला उपलब्ध असलेला कायदेशीर मार्ग आहे.

मात्र हा मार्गही दिसतो तितका गुळगुळीत नाही. जातीफलादी चूर्णातील वाळलेली भांग वेगळी आणि आधुनिक यंत्रांनी काढलेला घट्ट अर्क वेगळा. चरसाच्या व्याख्येत 'कोणत्याही स्वरूपातील' राळ येते. पानातून काढलेला राळयुक्त अर्क नेमका कोठे बसतो, याचे निःसंदिग्ध उत्तर कायद्याच्या शब्दांत सापडत नाही. सारा व्यवसाय या फटीवर उभा आहे. उद्या एखाद्या तपास अधिकाऱ्याने बाटली जप्त केली तर रुग्णाच्या नातेवाइकाने व्याख्यांचा कीस पाडत बसावे, ही अपेक्षाच अमानुष म्हणावी लागेल. गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत आणि चरसाची शंभर ग्रॅमपर्यंत धरली जाते, हे वाचून काही जण निर्धास्त होतात. ती मात्रा शिक्षा ठरवण्यासाठी आहे, परवानगी म्हणून नाही. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंतच्या सश्रम कारावासाची तरतूद आहे. घराच्या परसात 'औषधापुरते' एक झाड लावणाऱ्यावर तर लागवडीचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. ऊस-तुरीच्या आडोशाने लावलेली झाडे उपटल्याच्या बातम्या मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात नेहमीच येतात. त्यात 'औषधासाठी लावले' हा बचाव टिकायचा तर हाती राज्याचा परवाना हवा, आणि तो देण्याची व्यवस्थाच उभी नाही.

राहिल्या बिया. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांत प्रथिने आणि स्निग्धांश चांगले असतात. परंतु ज्या घटकांमुळे या वनस्पतीची औषध म्हणून चर्चा होते, ते बियांत जवळजवळ नसतात. बियांचे तेल वेदनेवरचे औषध समजून कर्करुग्णाच्या घरी पोहोचते, तेव्हा कायदा मोडलेला नसतो, फसवणूक मात्र झालेली असते.

उपयोगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १८३९ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने येथील वैद्य-हकिमांचे ज्ञान आणि ग्रंथ तपासून गांजाच्या अर्काचे प्रयोग केले. संधिवात, धनुर्वात आणि एका तान्ह्या बाळाचे झटके यांत त्याला गुण दिसला. पाश्चात्त्य औषधशास्त्रात या वनस्पतीचा शिरकाव झाला तो या भारतीय प्रयोगांच्या मार्गाने. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने देशभरातील बाराशेच्या आसपास साक्षीदार तपासले. त्या काळी नगर जिल्ह्यात परवाना घेऊन गांजाची लागवड होत असे. परंडा निजामाच्या राज्यात आणि बार्शी मुंबई इलाख्यात असल्याने काही कोसांच्या अंतरात अबकारीचे दोन वेगळे अंमल होते. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अतिसेवन घातक ठरते, तेव्हा बंदीऐवजी नियमन करावे, असा त्या आयोगाचा सूर होता. पुढे मात्र मात्रा निश्चित करता न येणारे औषध म्हणून डॉक्टरांनीच ते बाजूला सारले. १९३२ मध्ये ते ब्रिटिश औषधकोशातून वगळले गेले. त्यामागे केवळ नैतिक बागुलबुवा नव्हता, हे आज औषधी गांजाच्या उत्साही समर्थकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

या वनस्पतीत शंभराहून अधिक विशिष्ट संयुगे आहेत. त्यातील टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. ज्या देशात औषध म्हणून मान्यता मिळाली, तेथे ती बहुधा झाडाला नव्हे, तर मोजून-मापून तयार केलेल्या संयुगाला मिळाली. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळीवर ड्रोनॅबिनॉल, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेले टीएचसी, अमेरिकेत १९८५ मध्ये मान्य झाले. त्याच वर्षी भारतात एनडीपीएस कायदा आला, हा काळाचा विनोदच म्हणायचा. मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंच्या आखडण्यावर तोंडात फवारायचे औषध ब्रिटनने २०१० मध्ये स्वीकारले. ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या बालवयातील दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केले. ओशॉनेसीच्या त्या तान्ह्या बाळापासून येथवर येण्यास १७९ वर्षे लागली. म्हणजे पुरावा आहे, पण तो मोजक्या आजारांपुरता आहे. जुनाट वेदनेत काहींना थोडा आराम मिळतो. कर्करोग बरा होतो, याला माणसांवरील चाचण्यांचा विश्वासार्ह आधार नाही. प्रयोगशाळेच्या बशीत पेशी मरणे आणि माणसाचा रोग जाणे यांत फार मोठे अंतर असते. कर्करोग वा अपस्मार बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा ठरते. चित्रफीत पुढे ढकलणाऱ्यांना त्याची कल्पना क्वचितच असते.

धोकेही आहेत. सीबीडीमुळे अपस्मारावरील क्लोबाझामचा परिणाम वाढतो, मूल गुंगीत जाते. व्हॅल्प्रोएटसोबत घेतल्यास यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. टीएचसीने वृद्ध रुग्णाचा तोल जातो, भ्रम होतो. मानसिक आजाराचा इतिहास असलेल्या तरुणाला ते अधिक घातक. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य अनुसूचीत बचनागाशेजारी बसलेल्या द्रव्याबद्दल बोलले जाते, हे विसरू नये.

आता त्या वेदनेकडे येऊ, जिच्यापासून या चर्चेला सुरुवात होते. शेवटच्या टप्प्यातील कर्करुग्णाच्या तीव्र वेदनेवर सर्वांत खात्रीचे, शिवाय स्वस्त, औषध गांजा नाही. ते मॉर्फिन आहे, तोंडावाटे घ्यायच्या गोळीच्या रूपात. आणि मॉर्फिनचे या देशात जे झाले, तो औषधी गांजाचा विचार करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा धडा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची परवानाधारक शेती होते. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. औषधासाठीची अफू जगाला पुरवणाऱ्या या देशात मॉर्फिनच्या वैद्यकीय वापरावर १९८५ च्या कायद्यानेही बंदी घातली नव्हती. पण दहा वर्षांच्या किमान शिक्षेची धास्ती आणि प्रत्येक राज्याचे वेगळे नियम. एका साठ्यासाठी चार-पाच परवाने लागत, ते वेगवेगळ्या खात्यांकडून मिळवावे लागत आणि एकाचवेळी वैध असावे लागत. औषध दुकानदारांनी हात आखडता घेतला, रुग्णालयांनी साठा ठेवणे सोडले. बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. कोट्यवधींच्या देशाला १८ किलो! डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन कसे द्यायचे, हे न शिकताच पदवीधर झाली.

केरळने डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने नियम सुटसुटीत केले, गावोगाव वेदनाशामक सेवेचे जाळे विणले. महाराष्ट्रात मुंबईच्या वांद्र्यातील शांती अवेदना सदन १९८६ पासून, पुण्याजवळ वारज्यातील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हे काम करीत आहे. परळच्या टाटा रुग्णालयाचा या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. राज्य सरकारने २०१२ मध्ये उपशामक उपचारांचे धोरणही आणले. अखेर २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन आदी सहा औषधांना 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा दर्जा दिला. अनेक परवान्यांची जागा एका मान्यतेने घेतली. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून नोंद झाली की रुग्णालयाला ही औषधे ठेवता येतात. कायदा बदलला. भीती मात्र अधिसूचनेने जात नाही. जिल्हा आणि तालुका पातळीवर किती रुग्णालये ही मान्यता घेतात आणि त्यांतील किती डॉक्टर चिठ्ठीवर मॉर्फिन लिहितात, यावर सोनारीच्या रुग्णाची रात्र कशी जाणार, हे ठरते.

जग या काळात पुढे सरकले, काही वेळा मागेही आले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी झालेल्या या निर्णयाच्या बाजूने भारताने मत दिले. मतदान व्हिएन्नात झाले, परिणाम मंत्रालयाच्या फायलींत दिसला नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०१८ पासून विशेषज्ञ डॉक्टरांना ही औषधे लिहून देण्याची मुभा दिली. थायलंडने २०२२ मध्ये एकदम सारेच खुले केले, गल्लोगल्ली दुकाने थाटली गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. उत्तराखंडने २०१८ पासून ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या हेम्पच्या शेतीला परवाने दिले, पण ते तंतू-बियांसाठी. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने अहवाल स्वीकारला. जम्मूतील केंद्रीय प्रयोगशाळेत औषधी वाणांवर काम चालू आहे.

महाराष्ट्रात विषय निघाला की तो लगेच नशेच्या बाजाराकडे वळतो, आणि ते समजण्यासारखे आहे. धाराशिव जिल्ह्यातच २०२५ मध्ये तुळजापुरातील मेफेड्रोनच्या प्रकरणाने लोकांना हादरवले. ज्या गावात पोरे व्यसनाला लागताना दिसतात, तेथे 'गांजा औषध आहे' हे ऐकायला कोणी तयार नसते. पण मेफेड्रोनचा बाजार आणि अपस्माराच्या मुलासाठी मोजून दिलेले सीबीडी यांना एकाच तराजूत तोलल्याने बाजाराचे काहीच बिघडत नाही. शिवाय या गोंधळाचा लाभ चढ्या भावाने अर्क विकणाऱ्यांनाच होतो. नियम नसतात तेथे प्रामाणिक डॉक्टर मागे हटतो आणि धाडसी विक्रेता पुढे येतो.

राज्याला करता येण्याजोगे बरेच काही आहे आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. दहाव्या कलमाखाली वैद्यकीय वापराचे नियम करता येतील. त्यात कोणते आजार, कोणते विशेषज्ञ, किती मात्रा आणि कोणत्या प्रयोगशाळेचा दाखला, हे लिहिता येईल. चिठ्ठी आणि पावती असलेल्या रुग्णावर कारवाई करण्याआधी औषध प्रशासनाचे मत घेण्याची सूचना पोलिसांना देता येईल. भांगेच्या अर्कात टीएचसी किती, कीटकनाशके वा जड धातू आहेत का, हे तपासून बाटलीवर छापणे सक्तीचे करता येईल. परंतु क्रम चुकता कामा नये. ज्या राज्यात साध्या मॉर्फिनची गोळी गावाजवळच्या रुग्णालयात मिळेल याची शाश्वती नाही, तेथे गांजाच्या अर्काचे परवाने आधी निघाले तर ते शहरातील पैसेवाल्यांच्याच उपयोगी पडतील.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. डॉक्टरांना विचारावे की आपले रुग्णालय २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे मान्यताप्राप्त आहे का, आणि नसेल तर मॉर्फिनसाठी जवळचे केंद्र कोणते. 'विजया'चा अर्क घ्यायचाच असेल तर तो चालू औषधांच्या यादीसह कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवून, नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यावा, आणि ती चिठ्ठी बाटलीबरोबर ठेवावी. बार्शीच्या नोंदणीत परंडा तालुक्यातील प्रत्येक कर्करुग्णासाठी एक ओळ असते. निदान कधी झाले, कोणत्या टप्प्यावर झाले, रुग्ण हयात आहे की नाही, हे तीत लिहिले जाते. वेदना किती होती आणि तिच्यावर काय दिले, यासाठी त्या ओळीत रकाना नाही.